घरभाडे, सैन्यभरती आणि आपले मत

युरोपात राहणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी नेहमीपेक्षा अधिक आली. त्यांत एक गंमत दिसली: घराविषयी लिहिणारा शेवटी लष्करावर येतो आणि लष्कराविषयी लिहिणारा घरभाड्यावर. म्हणून या अंकात दोन्ही विषयांची पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत आणि लांब पत्रांमधून प्रश्न तेवढे उचलले आहेत.

बर्लिनमधील एक वाचक लिहितात: आमच्या कार्यालयात दुपारच्या जेवणाला रोज एकच वाद होतो. एक जर्मन सहकारी म्हणतो, ‘सरकारकडे रणगाड्यांसाठी पैसा आहे, घरांसाठी नाही.’ दुसरा म्हणतो की रशिया दारात आला तर घर असून काय उपयोग? मी दोघांनाही मान डोलावतो. खरे कोणाचे?

उत्तर: पहिल्या सहकाऱ्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि तो अर्धा भाग आधी पाहू. रशियाने युक्रेनवर चढाई केल्यानंतर तीनच दिवसांनी, २७ फेब्रुवारी २०२२ रोजी, तत्कालीन चान्सलर ओलाफ शोल्झ यांनी सैन्यासाठी १०० अब्ज युरोंच्या विशेष निधीची घोषणा केली. पुढे मार्च २०२५ मध्ये जर्मनीने थेट राज्यघटनेत दुरुस्ती केली आणि सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्यावरचा संरक्षण खर्च कर्जमर्यादेच्या बाहेर काढला. याचा साधा अर्थ असा, की सैन्यासाठी सरकार हवे तेवढे कर्ज काढू शकते. घरबांधणीला अशी मोकळीक नाही. पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा वेगळा निधी त्याच दुरुस्तीत ठेवला गेला. परंतु तो बारा वर्षांत पुरवायचा आहे आणि त्यावर पूल, रेल्वे, शाळा, रुग्णालये अशा अनेकांचे डोळे आहेत.

आता चुकीचा अर्धा भाग. रणगाड्यांचा पैसा वाचला असता तर तो घरांकडे गेला असता, असे आपल्या सहकाऱ्याने गृहीत धरले आहे, आणि जर्मनीचा स्वतःचा इतिहास या गृहीतकाला साथ देत नाही. साठच्या दशकात पश्चिम जर्मनी संरक्षणावर आजच्यापेक्षा कितीतरी मोठा हिस्सा खर्च करत होती, आणि त्याच काळात तिथे वर्षाला पाच लाखांहून अधिक घरे बांधून होत होती. उलट शीतयुद्ध संपल्यावर संरक्षण खर्च उतरत गेला, सैन्य निम्म्याहून लहान झाले, आणि नेमक्या त्याच वर्षांत शहरांनी आपल्या मालकीची घरे विकायला काढली. बर्लिनने २००४ मध्ये सुमारे ६५ हजार घरांची सार्वजनिक कंपनी खासगी गुंतवणूकदारांना विकली. ड्रेस्डेनने २००६ मध्ये आपली जवळपास सगळी घरे विकून शहर कर्जमुक्त केले आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली. शांततेच्या काळात वाचलेला पैसा घराच्या विटांपर्यंत पोहोचलाच नाही.

त्याशिवाय जर्मनीतील ‘सामाजिक घर’ ही कायमची गोष्ट नसते, हे बाहेरून आलेल्या माणसाला लवकर कळत नाही. बांधणाऱ्याला सरकारी स्वस्त कर्ज मिळते, त्या बदल्यात तो ठरावीक वर्षे कमी भाडे घेतो, आणि मुदत संपली की तेच घर खुल्या बाजारात जाते. म्हणजे नळ चालू असला तरी टाकीच्या बुडाला भोक आहे. आज अशी सुमारे ११ लाखच घरे उरली आहेत. २०२१ मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने वर्षाला चार लाख नव्या घरांचे आश्वासन दिले होते. २०२४ मध्ये प्रत्यक्षात सुमारे २ लाख ५२ हजार पूर्ण झाली. यामागे चढलेले व्याजदर, साहित्याच्या किमती, महाग जमीन आणि परवानग्यांचा संथ कारभार आहे. रणगाडा या यादीत कुठेच नाही.

मात्र एका ठिकाणी सैन्य आणि घर यांची खरीखुरी गाठ पडते, आणि ते ठिकाण म्हणजे जमीन. फ्रायबुर्ग शहराच्या दक्षिणेला फोबान नावाची वस्ती आहे. १९९२ पर्यंत तिथे फ्रेंच सैन्याची छावणी होती. सैनिक गेले, शहराने जागा घेतली, आणि आज तिथे पाच हजारांहून अधिक लोक राहतात, अंगणात मुले खेळतात, मोटारी वस्तीच्या कडेला उभ्या राहतात. जर्मनीतील कितीतरी शहरांनी आपल्या गृहयोजना अशाच सोडून दिलेल्या छावण्यांच्या भरवशावर आखल्या होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सुमारे २०० लष्करी आणि माजी लष्करी जागांचे नागरी वापरासाठी हस्तांतर थांबवले, कारण वाढणाऱ्या सैन्याला राहायलाही जागा लागते. ज्या नगरपालिकांनी तिथे घरांचे नकाशे तयार करून ठेवले होते त्यांची तक्रार मला रास्त वाटते, आणि मंत्रालयाची अडचणही खोटी नाही. आपल्या सहकाऱ्यांनी जेवणाच्या वेळी भांडायचेच असेल तर या जागांवरून भांडावे. तिथे निदान दोन्ही बाजूंना दाखवायला जमिनीचा तुकडा आहे.

जर्मनीतूनच एक वाचक लिहितात: आम्ही नऊ वर्षे एका घरात भाड्याने राहतो. घरमालकांनी मोबाइलवर निरोप पाठवला, की त्यांच्या मुलीला घर हवे आहे, तरी तीन महिन्यांत जागा रिकामी करावी. शिवाय ‘भिंती रंगवून द्या, नाहीतर अनामत मिळणार नाही’ असेही म्हणतात. आम्ही भांडणारी माणसे नाही. काय करावे?

उत्तर: प्रथम काहीही रिकामे करू नये आणि कशावरही सही करू नये. मोबाइलवरचा निरोप ही जर्मन कायद्याने नोटीसच नव्हे. ती कागदावर, सहीनिशी आणि कारण सविस्तर लिहून द्यावी लागते. मुलीसाठी घर मागणे हे कारण मात्र वैध आहे. स्वतःसाठी किंवा जवळच्या नातेवाइकांसाठी घर हवे असेल तर मालकाला करार संपवता येतो, आणि सज्जन भाडेकरूला घर सोडावे लागण्याचे हे तिथले नेहमीचे कारण आहे. तथापि मुदत मालकाच्या मर्जीवर नसते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेकरूला तीन महिने, पाच वर्षांनंतर सहा आणि आठ वर्षांनंतर नऊ महिने, असा नियम आहे. आपण नऊ वर्षे राहत आहात, तेव्हा योग्य नोटीस मिळाल्यापासून पुढे नऊ महिने आपले आहेत.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. वार्धक्य, गंभीर आजार, गरोदरपण किंवा परवडणारे दुसरे घर न मिळणे अशा कारणांनी आपल्याला हरकत घेता येते. ती लेखी असावी आणि करार संपण्याच्या किमान दोन महिने आधी मालकाकडे पोहोचावी. त्याच इमारतीत मालकाचे तुलनेसारखे दुसरे घर रिकामे असेल तर ते त्याने आपल्याला देऊ करणे अपेक्षित असते. आपण घर सोडल्यावर मुलगी राहायला आलीच नाही आणि घर दुप्पट भाड्याने जाहिरातीत दिसले, तर नुकसानभरपाई मागता येते. म्हणून पुढचे काही महिने त्या पत्त्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. घर मधल्या काळात स्वतंत्र फ्लॅट म्हणून वेगळे काढून नव्या मालकाला विकले गेले आहे का, हेही तपासावे. तसे असल्यास नव्या मालकाला किमान तीन वर्षे, आणि टंचाईच्या शहरांत दहा वर्षांपर्यंत, हे कारण वापरता येत नाही.

रंगाविषयी थोडे स्वतःचे सांगतो. मी जर्मनीतील एका शहरात सहा वर्षे भाड्याने राहिलो. घर सोडण्याच्या दिवशी मालकाचा माणूस हातात विजेरी घेऊन आला. बाहेर लख्ख ऊन असताना त्याने प्रत्येक भिंतीवर तिरपा उजेड टाकला, स्वयंपाकघरात फळ्या अडकवण्यासाठी पाडलेली अकरा भोके बोटाने मोजली आणि सगळ्या घराच्या रंगाचा खर्च अनामतीतून कापण्याचे पत्र पाठवले. आम्ही निमूटपणे मान्य करणार होतो. शेजारच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारले, ‘घर घेतानाचा ताबा-कागद कुठे आहे?’ तो कागद शोधला, तर त्यावर मालकाच्याच माणसाच्या अक्षरात लिहिले होते: भिंती जुन्या रंगाच्या, दिवाणखान्यात दोन डाग. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे, की घर न रंगवता भाडेकरूच्या ताब्यात दिले असेल आणि त्याची योग्य भरपाईही केली नसेल, तर रंगरंगोटीची सक्ती करणारे छापील कलम लागू होत नाही. वाजवी संख्येची भोके ही तर राहण्याचाच भाग मानली जातात. आम्ही दोन परिच्छेदांचे पत्र लिहिले. पाचव्या महिन्यात एका तुटलेल्या नळाचे पैसे वजा होऊन बाकी अनामत परत आली.

आपण भांडणारी माणसे नाही, असे लिहिता. इथे भांडावे लागतच नाही, फक्त लिहावे लागते. शहरातील भाडेकरू संघटनेचे सभासद व्हा; वार्षिक वर्गणीत वकिलाचा सल्ला मिळतो आणि त्यासाठी नागरिकत्व लागत नाही.

उट्रेख्टमधील एक वाचक विचारतात: नेदरलँड्समध्ये घराला ‘गुण’ देतात, असे ऐकले. ही काय भानगड आहे?

उत्तर: भानगड सरळ आहे. क्षेत्रफळ, ऊर्जाबचतीची श्रेणी, स्वयंपाकघर, न्हाणीघर, महापालिकेने ठरवलेले मूल्य, यांचे गुण मिळवतात आणि बेरजेवरून जास्तीत जास्त भाडे ठरते. पूर्वी हे बंधन मुख्यतः सामाजिक घरांवर होते. १ जुलै २०२४ पासून १८६ गुणांपर्यंतची मधली घरेही त्याखाली आली. आपले गुण भाडे आयोगाच्या संकेतस्थळावर मोजून पाहावेत. दुष्परिणाम असा, की भाडे उतरल्याने अनेक मालकांनी जुना भाडेकरू गेल्यावर घर विकणेच पसंत केले. ज्याच्याकडे आधीच भाड्याचे घर आहे त्याचे भले झाले, जो अजून शोधतो आहे त्याच्यासाठी दार आणखी अरुंद झाले. ऑक्टोबर २०२५ च्या तिथल्या निवडणुकीत घरटंचाई हा एवढा मोठा मुद्दा का होता, हे यावरून लक्षात येईल.

एक वाचक, ज्यांनी गाव लिहिलेले नाही: २०२१ मध्ये बर्लिनच्या लोकांनी मोठ्या कंपन्यांची घरे सरकारजमा करावीत असा कौल दिला. मग ती झाली का नाहीत? लोकशाहीत लोकांचे चालत नाही काय?

उत्तर: लोकांचे चालते, परंतु लोकांनी नेमके काय विचारले यावर ते अवलंबून असते. २६ सप्टेंबर २०२१ च्या त्या मतदानात तीन हजारांहून अधिक घरे बाळगणाऱ्या कंपन्यांची घरे समाजाच्या मालकीची करावीत, या प्रस्तावाला निम्म्याहून पुष्कळ अधिक मते पडली. सुमारे २ लाख ४० हजार घरांचा तो प्रश्न होता. मात्र मतपत्रिकेवर तयार कायदा नव्हता. सरकारने कायदा करावा असे आवाहन होते, आणि आवाहन सरकारवर बंधनकारक नसते. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने जून २०२३ मध्ये सांगितले, की घटनेच्या १५ व्या कलमाखाली असे करता येते. जमीन आणि उत्पादनसाधने भरपाई देऊन समाजाच्या मालकीची करण्याची मुभा देणारे हे कलम १९४९ पासून घटनेत आहे आणि आजवर एकदाही वापरलेले नाही. त्यानंतर पुन्हा चौकटीचा कायदा, पुन्हा अभ्यास. टाळाटाळ हाच शब्द मला योग्य वाटतो.

त्याआधी बर्लिनने भाडे गोठवणारा कायदाही केला होता. तो फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झाला आणि एप्रिल २०२१ मध्ये घटना न्यायालयाने रद्द ठरवला. भाडे गोठवणे वाईट, असे न्यायालय म्हणाले नाही. हा विषय संघराज्य सरकारने आधीच हाताळला असल्याने एखाद्या राज्याला त्यात हात घालता येत नाही, एवढेच म्हणाले. मधल्या वर्षात ज्यांचे भाडे उतरले होते त्यांच्यापैकी अनेकांना फरकाची रक्कम परत भरावी लागली.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाची दुसरी बाजू. बर्लिनच्या मधोमध टेम्पलहोफचा जुना विमानतळ आहे. १९४८-४९ च्या नाकेबंदीत याच धावपट्टीवर पश्चिम बर्लिनसाठी कोळसा आणि पीठ उतरत होते. २००८ मध्ये तो बंद झाला आणि शहराने कडेकडेने काही हजार घरे बांधण्याचा बेत केला. मे २०१४ मध्ये बर्लिनकरांनी मतदान करून तो बेत हाणून पाडला, आणि या वेळी मतपत्रिकेवर तयार कायदा असल्याने तो पाळला गेला. सुमारे ३०० हेक्टरांचे ते मैदान आज पतंग, सायकली आणि चंडोल पक्ष्यांचे आहे. संध्याकाळी तिथे फिरताना मलाही ते तसेच राहावे असे वाटते, आणि घरी परतताना घरभाड्याच्या जाहिराती वाचल्या की स्वतःचीच लाज वाटते.

जर्मनीत वाढलेल्या मुलाची आई विचारते: माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि त्याने जर्मन नागरिकत्व घेतले आहे. शाळेत सैन्याविषयी सतत बोलणे चालते. त्याला सक्तीने नेतील का? रात्री झोप लागत नाही.

उत्तर: ताई, आजच्या कायद्याने त्याला सक्तीने नेणार नाहीत. जर्मनीने सक्तीची लष्करी सेवा २०११ मध्ये स्थगित केली होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला, त्यानुसार २००८ पासून पुढे जन्मलेल्या तरुणांना अठराव्या वर्षी एक प्रश्नावली येते: प्रकृती कशी आहे, शिक्षण काय, सेवेची इच्छा आहे का. मुलांना ती भरून पाठवणे बंधनकारक आहे, मुलींना ऐच्छिक. २०२७ च्या मध्यापासून मुलांची वैद्यकीय तपासणीही होईल. प्रत्यक्ष सेवा मात्र स्वेच्छेचीच आहे, आणि स्वेच्छेने येणाऱ्याला महिना सुमारे २,६०० युरो पगाराचे आमिष ठेवले आहे. पुरेसे तरुण आले नाहीत तर गरजेपुरती सक्ती आणता येईल, परंतु त्यासाठी संसदेला पुन्हा स्वतंत्र कायदा करावा लागेल. तशी वेळ आलीच, तरी सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध कोणालाही हाती शस्त्र घ्यायला लावता येणार नाही, असे घटनेच्या चौथ्या कलमात लिहिलेले आहे. तेव्हा प्रश्नावली आली तर ती खरी माहिती लिहून वेळेवर पाठवावी. न पाठवल्यास दंड होऊ शकतो.

हा कायदा झाला त्याच दिवशी अनेक शहरांत शाळकरी मुलांनी वर्ग सोडून मोर्चे काढले. त्यांच्या बोलण्यात एक मुद्दा असा होता, की ज्या पिढीला घर परवडणार नाही आणि निवृत्तिवेतनाची खात्री नाही, तिच्याकडेच देश वर्षे मागतो आहे. ‘मुलांना काय कळते’ म्हणून हे उडवून लावणाऱ्यांपैकी मी नाही. त्याच वेळी शेजारी देशांकडे पाहिले तर सक्ती म्हणजे लोकांवर लादलेलीच गोष्ट असते, असेही म्हणवत नाही. ऑस्ट्रियात जानेवारी २०१३ मध्ये मतदान झाले तेव्हा जवळपास ६० टक्क्यांनी सक्तीची सेवा ठेवा असे सांगितले. यामागे देशप्रेमाइतकेच व्यवहाराचे कारण होते: सैन्यात न जाणारी मुले पर्यायी सेवा म्हणून रुग्णवाहिका आणि वृद्धाश्रम चालवतात, आणि ती नसती तर ती कामे कोण करणार, हा प्रश्न आजीआजोबांना पडला होता. लिथुएनियाने २०१५ मध्ये सक्ती परत आणली, स्वीडनने २०१७ मध्ये. डेन्मार्कमध्ये जुलै २०२५ पासून अठरा वर्षांच्या होणाऱ्या मुलींचीही नावे सैन्यभरतीच्या चिठ्ठ्यांत येतात.

आपल्या मुलाशी या विषयावर बोलताना घाबरवू नका आणि त्याची थट्टाही करू नका. त्याचे काय मत आहे, ते त्याला आधी विचारावे.

माद्रिदमधील एक वाचक लिहितात: नाटोचे सगळे देश संरक्षणावर पाच टक्के खर्चाला तयार झाले, स्पेन तेवढा आडवा आला. इथले लोक दुसऱ्यांच्या जिवावर सुरक्षित राहू पाहतात, असे उत्तरेकडचे मित्र म्हणतात. आपले मत?

उत्तर: आकडा आधी नीट मांडतो. जून २०२५ मध्ये हेग येथे ठरले ते असे, की २०३५ पर्यंत साडेतीन टक्के थेट सैन्यावर आणि दीड टक्का त्याला पूरक गोष्टींवर, म्हणजे पूल, बंदरे, सायबर सुरक्षा वगैरेंवर. पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी आपल्याला सुमारे २.१ टक्के पुरतील असे सांगून सवलत मागितली. मित्र चिडले यात नवल नाही, कारण एस्टोनियातून रशियाची सीमा खिडकीतून दिसावी इतकी जवळ आहे आणि माद्रिदहून ती दोन हजारांहून अधिक किलोमीटरवर आहे. भीती नकाशावर अवलंबून असते. स्पेनमध्ये नाटोविषयीची अढीही जुनी आहे. १९८६ मध्ये तिथे आत राहायचे की नाही यावर सार्वमत घ्यावे लागले होते.

परंतु सांचेझ यांच्या मतदाराला नकाशापेक्षा भाडेपावती अधिक छळते, आणि इथेही दोष संरक्षण खर्चाचा नाही. स्पेनने अनेक दशके सरकारी मदतीने घरे बांधली, पण ती विकण्यासाठी. काही वर्षांनी ती खुल्या बाजारात गेली, आणि भाड्याने देण्यासाठी सरकारच्या हाती जवळजवळ काहीच राहिले नाही. वर पर्यटकांना दिलेल्या सदनिकांचा भार. बार्सिलोनाने २०२८ पर्यंत अशा सदनिकांचे सुमारे दहा हजार परवाने संपवण्याचे जाहीर केले आहे. आपल्या उत्तरेकडच्या मित्रांना एवढेच विचारावे, की तीन टक्के सैन्याला देऊन त्यांच्या शहरातले भाडे किती उतरले. आणि माद्रिदच्या मित्रांना विचारावे, की न देऊन किती उतरले.

हेलसिंकीतून एक वाचक लिहितात: आमच्या इमारतीच्या तळघरात सायकली ठेवायची खोली आहे. तिला बँकेच्या तिजोरीसारखे जाड पोलादी दार आहे. शेजारी म्हणतात, ‘ते युद्धासाठी.’ एवढ्या शांतपणे म्हणतात की मीच अस्वस्थ होतो. हे लोक कायम भीतीत जगतात का?

उत्तर: ते दार भीतीचे नाही, बांधकाम नियमावलीचे आहे. फिनलंडमध्ये १,२०० चौरस मीटरपेक्षा मोठी निवासी इमारत बांधली की तिच्यासोबत निवारा बांधावाच लागतो. जसे लिफ्टचे आणि जिन्याचे नियम असतात तसाच हा नियम. देशात असे ५० हजारांहून अधिक निवारे आहेत आणि त्यांत सुमारे ४८ लाख माणसे मावतात. देशाची लोकसंख्या ५६ लाखांच्या आसपास आहे. शांततेच्या काळात तिथे सायकली, अडगळ, व्यायामशाळा काहीही ठेवता येते, अट एकच, की ७२ तासांत सर्व काढून जागा वापरण्याजोगी झाली पाहिजे.

आपण इताकेस्कुसचा जलतरण तलाव पाहिला नसेल तर जरूर पाहावा. मी गेलो तो मंगळवार होता. खडक पोखरून केलेल्या त्या दालनात आजीबाई संथपणे पोहत होत्या, शाळेची मुले पाण्यात उड्या मारत होती, आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांकडे जाताना भिंतीत सरकवलेली हातभर जाडीची दारे दिसत होती. वेळ आली तर पाणी उपसून तिथे ३,८०० माणसे राहू शकतात. तिकीट देणाऱ्या मुलीला मी त्याविषयी विचारले तर तिने आधी मला टोपी घालण्याची आठवण केली.

रशियाशी १,३४० किलोमीटरची सीमा असलेल्या या देशात एप्रिल २०२३ पर्यंत नाटो नव्हती, पण निवारे होते. मुलगे अठराव्या वर्षानंतर १६५, २५५ किंवा ३४७ दिवसांची सेवा करत होते, आजही करतात. बाकी युरोपने संरक्षण हा अंदाजपत्रकाचा विषय मानला, फिन लोकांनी तो इमारतीच्या नकाशात घातला, आणि म्हणून तिथे घर की संरक्षण हा वादच फारसा उभा राहत नाही. याची किंमतही असते आणि ती घराच्या किमतीत मिसळलेली असते. आपल्या गृहसंस्थेच्या वार्षिक हिशेबात निवाऱ्याच्या देखभालीची ओळ सापडेल. या वर्षी सभेला जाणार असाल तर सायकली ७२ तासांत बाहेर काढायची जबाबदारी कोणाची, हे विचारून घ्यावे. बऱ्याच इमारतींत ते कोणालाच माहीत नसते.

डब्लिनमधील एक वाचक लिहितात: इथे येऊन चार वर्षे झाली. पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात जातो. सहकारी तटस्थता, सैन्य, घरे यांवर तावातावाने बोलतात. मी गप्प बसतो. ज्या देशात आपल्याला मत नाही तिथल्या गोष्टींवर आपण मत द्यावे का?

उत्तर: आपल्या भाषेने या प्रश्नात एक खोडी करून ठेवली आहे. विचार तोही मत आणि पेटीत पडते तेही मत. पहिल्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आपण भाडे भरता, कर भरता, तेव्हा घरांविषयी बोलण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. सैन्याविषयी बोलताना मात्र मी स्वतः थोडा आवाज खाली ठेवतो. ज्यांची मुले जाणार त्यांचे आधी ऐकावे, असे मला वाटते. हा माझा संकोच आहे, नियम नव्हे.

युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये एकाच आयोगात दोन पदे प्रथमच निर्माण केली: घरबांधणीचे काम डेन्मार्कच्या डान योर्गेनसेन यांच्याकडे आणि संरक्षणाचे लिथुएनियाचे माजी पंतप्रधान आंद्रियुस कुबिलियुस यांच्याकडे. आपल्या सहकाऱ्यांचे दोन्ही विषय ब्रसेल्समध्येही एकाच मजल्यावर पोहोचले म्हणायचे. पण घरांच्या बाबतीत ब्रसेल्सचे हात तोकडे आहेत. भाडे, जमीन आणि परवानग्या यांचे अधिकार देशांकडे आणि पुष्कळ अंशी नगर परिषदांकडे आहेत.

आणि नेमके तिथे आपली समजूत चुकली आहे. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला कोणत्याच निवडणुकीत मत नाही हे खरे. नेदरलँड्समध्ये पाच वर्षांनी आणि स्वीडनमध्ये तीन वर्षांनी स्थानिक निवडणुकीत मिळते. आयर्लंडमध्ये मात्र तिथे राहणाऱ्या कोणत्याही प्रौढ माणसाला, पासपोर्ट कोणताही असो, स्थानिक परिषदांच्या निवडणुकीत मत देता येते. सामाजिक घरे बांधण्याचे आणि वाटण्याचे काम याच परिषदांकडे असते. मागची निवडणूक जून २०२४ मध्ये झाली, म्हणजे त्या वेळी आपण डब्लिनमध्येच होता आणि ते मत आपल्या हातून निसटले. पुढची २०२९ मध्ये आहे. मतदारयादीत नाव घालण्याचा अर्ज परिषदेकडे ऑनलाइनही करता येतो. आपले नाव घातले की नाही, ते पुढच्या पत्रात जरूर कळवावे.